व्हीलकॅप बसत नाही म्हणून

चाक माझ्या खिडकीशेजारून पुढे गेलं. आमचंच चाक. गाडी अजून पळत होती आणि तिचं मागचं डावं चाक, ब्रेकच्या ड्रमसकट, तिच्यापुढे पळत होतं. मग माझ्या बाजूची गाडी खाली बसली आणि लोखंड डांबरावर घासायला लागलं. स्टिअरिंगवर माझा धाकटा दीर होता, दिनू. तो ओरडला नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वयनी, ब्रेक नाय. धरून बस."

ब्रेक नव्हताच. असल्या जुन्या गाड्यांत चारी चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच नळीवर चालतं. एक ड्रम गेला की तिथले ब्रेकशू मोकळे होतात, आतले पिस्टन उडतात आणि सगळं तेल रस्त्यावर. पेडल दाबलं की सरळ जमिनीला टेकतं. डावीकडे चहाची टपरी होती, हमाल चहा पीत उभे होते आणि गाडी तिकडेच ओढत होती. दिनूने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. उजवीकडे कंटेनरचा ट्रेलर उभा होता.

शिवडीच्या गोदामांच्या रस्त्यावर, सकाळी, लख्ख उजेडात हे झालं. कसं झालं ते मी लिहिणार आहे. ह्या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, मावशी, पुरुषांच्या धंद्यात बाई म्हणून काय सोसलंत ते लिहा. मी म्हटलं, बाई म्हणून काही विशेष सोसलं नाही, गिऱ्हाइकं सोसली. त्यांच्याबद्दल लिहू का? त्या हो म्हणाल्या. त्यांनी हो म्हटलं आहे, आता काटछाट करू नये.

मी चौथी शिकले. भोईवाड्यात आमचं गॅरेज आहे. नवऱ्याने काढलं, तो गेल्यावर दिनूने आणि मी चालवलं. आम्ही इंजिनाचं काम घेत नाही. आमचं काम गाडीच्या मागच्या ॲक्सलचं. आधी मी नुसती घासलेटमध्ये पार्ट धुवायची. धुता धुता कुठला दात झिजला, कुठला का झिजला, हे कळायला लागलं. मग नवरा मला विचारायला लागला. पुढे गिऱ्हाइकं विचारायला लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिन पुढे असतं, चाकं मागची फिरवायची असतात. इंजिनाचा जोर लांब दांड्यावरून मागे येतो. तिथे दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, ट्रकच्या मागे चालताना तुम्ही पाहिला असेल. त्यात एक मोठं दातेरी चक्र, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याला फिरवणारं छोटं, ते पिनियन. गोळ्यापासून दोन्ही चाकांपर्यंत नळ्या जातात आणि नळ्यांच्या आत एकेक दांडा असतो. तो हाफशाफ्ट. चाक फिरतं ते त्याच्यावर.

क्राऊन-पिनियन बसवायला शेंदूर लागतो. तेलात कालवायचा, दातांना लावायचा आणि हाताने फिरवायचं. शेंदूर जिथून पुसला जातो तिथे दात दाताला भिडतोय. टोकाला भिडला तर गाडी रडते, मुळाशी भिडला तर दात तुटतो, मध्यावर भिडायला पाहिजे. नवरा गेला त्या वर्षी शेजारची एक बाई नळावर म्हणाली, इंदूच्या बोटांवरचं लाल काही जात नाही बाई. मी म्हटलं, ये, तुझ्या कपाळाला लावते, तुझंही जाणार नाही. परत बोलली नाही.

आता मुख्य गोष्ट. ॲक्सल दोन तऱ्हेचे असतात. एकात हाफशाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही तोच उचलतो. शिमग्यात पालखी नाचवतात ना कोकणात, तसं. खांद्यावर ओझं घ्यायचं आणि वर नाचायचं. घरगुती मोटारीला हा चालतो, कारण वजन कमी आणि जोरही कमी. पण दांडा तुटला तर चाक गाडी सोडून जातं, कारण त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. दुसऱ्या तऱ्हेत वजन बाहेरची नळी उचलते, चाक नळीवर बसतं आणि दांड्याने फक्त फिरवायचं. यात दांडा तुटला तर गाडी जागेवर थांबते. चाक कुठे जात नाही. ट्रकला, टेम्पोला हा असतो. ह्याला फुल फ्लोटिंग म्हणतात.

शीव कोळीवाड्याची एक जनाबाई आहे. तिचा मासळीचा टेम्पो. बर्फ आणि मासळी इतकी भरते की मागचे स्प्रिंगचे पाटे उलटे वाकतात. ती पहिल्यांदा आली तेव्हा गॅरेजभर वास सुटला आणि दिनूने उदबत्ती लावली. तिने ती उचलून त्याच्या शर्टाच्या खिशात खोचली. म्हणाली, ही तुझ्या आंगाला लाव, ग्रीसचा वास येतोय. मग मी काढून ठेवलेल्या ॲक्सलकडे बोट करून विचारलं, "ह्यो मोडला तर चाक जाईल का?" मी म्हटलं, नाही जाणार. "मग बसव," म्हणाली. दिसतो कसा, कुठल्या गाडीतून काढला, काही नाही. तो टेम्पो अजून चालतो. वास तसाच आहे.

गिरगावातला एक म्हातारा पारशी गृहस्थ ॲक्सलचं आख्खं हाऊसिंग, म्हणजे गोळा आणि दोन्ही नळ्या, पांढऱ्या चादरीत गुंडाळून टॅक्सीच्या टपावर बांधून घेऊन आला. वाटेत हवालदाराने अडवलं, चादर सोडायला लावली. गृहस्थ म्हणाले, हळू सोडा, बिचारा माझ्यापेक्षा म्हातारा आहे. असली गिऱ्हाइकं मला आवडायची. गाडी जपणारी. आता गाडी दाखवणारी येतात.

मोठं इंजिन घालायचं वेड अलीकडचं. आजोबांची जुनी गाडी काढायची, तिच्यातलं सहा सिलिंडरचं इंजिन काढून टाकायचं आणि बाहेरून आणलेलं आठ सिलिंडरचं घालायचं. दुप्पट जोर. बॉनेट उघडून मित्रांना दाखवता येतं, त्याचा आवाज मोबाईलवर टाकता येतो. मागे ॲक्सल तोच, आजोबांच्या वेळचा. तो बघायला गाडीखाली झोपावं लागतं आणि तिथे कोणी फोटो काढत नाही. अशी माणसं शिकलेली असतात, परदेशात राहून आलेली असतात. मी त्यांना विचारते, भाकरी थापायच्या परातीत तुम्ही आख्ख्या गिरणीचं पीठ मळाल का? हसतात. मावशी भारी बोलतात म्हणतात. भारी बोलायला मी तिथे बसलेली नाही.

ह्या गाडीचा मालक तसलाच. नाव लिहीत नाही, मालक म्हणते. वय चाळिशीच्या आत, बोलायला गोड, येताना मिठाई घेऊन यायचा. त्याच्या आजोबांची लांबलचक अमेरिकन गाडी आमच्याकडे माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून यायची. नातवाने तिच्यात आठ सिलिंडर घातले आणि मग मागून गुरगुर येते म्हणून आमच्याकडे आणली. बहिणीचं लग्न होतं. नवरी आजोबांच्या गाडीतून मांडवात उतरणार, असं घरात ठरलेलं.

दिनूने दोन्ही हाफशाफ्ट बाहेर ओढले. बेअरिंग बसते ती जागा झिजून खड्डा पडलेला. दांडा माझ्या मनगटापेक्षा बारीक, दुसऱ्या टोकाच्या खाचांना पीळ पडायला लागलेला. नवीन इंजिनाने काही महिन्यांत त्याची ही दशा केली होती. डावा-उजवा ओळखू यावा म्हणून मी त्यांच्या तोंडावर पंचने खुणा मारल्या, डाव्यावर तीन ठिपके त्रिकोणात, उजव्यावर एक. हे मी सगळ्याच शाफ्टना करते.

मग ॲक्सल निवडायचं काम. त्यात बघायच्या गोष्टी बऱ्याच. दांडा किती जाड आणि त्याच्या टोकाला खाचा किती, कारण जोर त्या खाचांतून जातो. क्राऊन केवढा. क्राऊनचे दात पिनियनच्या दातांच्या किती पट, कारण ओझ्याच्या गाडीचा ॲक्सल जसाच्या तसा घातला तर इंजिन किंचाळतं आणि गाडी पुढे जात नाही. रुंदी किती, नाहीतर टायर मडगार्डला घासतो. गोळ्याचं नाक पुढच्या दांड्याच्या रेषेत बसतं का, नाहीतर बसणाऱ्याचे दात वाजतात. हातब्रेकची तार कुठून न्यायची. एक चुकलं तर बाकीचं बरोबर असून उपयोग नाही.

भंगारात एक परदेशी पिकअप मोडत होती. तिचा ॲक्सल मी स्वतः जाऊन बघून आले. फुल फ्लोटिंग, दांडा जाड, क्राऊन मोठा. दोन्ही बाजूंनी नळी कापून आखूड करायची, दांडे त्या मापाने नवीन करायचे, क्राऊन-पिनियन बदलायचं. गाडीच्या पोटात बरोबर बसला असता. मालकाला दाखवला. तोही खूष. "मावशी, तुम्ही म्हणाल तो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. हातात व्हीलकॅप घेऊन. चाकाच्या मध्यावरची ती चकचकीत वाटी असते, ती. फुल फ्लोटिंगचा हब चाकाच्या बाहेर डोकावतो, डब्यासारखा. त्याच्यावर ती कॅप बसत नाही. त्याने धरून बघितली, फिरवून बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, बट ही बसत नाही."

"नाही बसणार."

"ओरिजिनल आहे हो. आजोबांच्या वेळची. चारी असतील तरच व्हिंटेज रॅलीत मार्क मिळतात."

मी म्हटलं, आजोबांच्या वेळचं इंजिन काढताना मार्क कुठे गेले होते? तो हसला. म्हणाला, इंजिन चालतं, ती वेगळी कॅटेगरी असते.

मी दुसरी वाट सांगितली. कॅप राहू दे, ॲक्सल जुन्याच तऱ्हेचा ठेवू, पण जाडा बघू आणि दांडे चांगल्या पोलादाचे नवीन करून घेऊ. जोराला पुरेल. पण पोलाद निवडायचं, घडवायचं, पाणी द्यायचं, म्हणजे भट्टीत तापवून कडक करायचं, ह्याला वेळ लागतो. लग्नाच्या आत होणार नाही. नवरीला दुसऱ्या गाडीतून उतरव. तो म्हणाला, विचार करतो. आणि गाडी घेऊन गेला.

ती परत आली तेव्हा मी गॅरेजमध्ये नव्हते. डोळ्यांच्या तपासणीला गेले होते. आले तर गाडी फाटकात उभी, धुतलेली, गोंड्याच्या फुलांची माळ घातलेली. समोर खोबरं सांडलेलं. दिनूच्या कपाळाला गंध. मालक म्हणाला होता की दुसरीकडे नवीन शाफ्ट बसवले, तुम्ही फक्त ब्रेक बघा आणि आजोबांच्या वेळेसारखा नारळ वाढवा. दिनूने ब्रेक बघितले आणि नारळ वाढवला.

आमच्या गॅरेजची रीत सांगते. काम झालं की गाडीपुढे नारळ वाढवायचा. नारळ वाढवला की गाडीची पहिली फेरी होईपर्यंत तिला पाना लावायचा नाही. आणि पहिल्या फेरीला गॅरेजचं माणूस बसणार, मालकाने बसायचं नाही. नट ज्याने आवळले त्याने आधी स्वतःचा जीव घालायचा. नवऱ्याने घातलेली रीत, आणि त्याला कारण होतं. तेव्हा गिऱ्हाइकं काम संपू द्यायची नाहीत, हे जरा ढिलं कर, ते जरा घट्ट कर. नारळाने त्यांचं तोंड बंद व्हायचं.

मी म्हटलं, नवीन शाफ्ट एवढ्यात कोण करून देतो? व्हीलकॅप काढायला पाना लागत नाही. मी पेचकसाने ती उपसली. चाकाच्या मधल्या भोकातून शाफ्टचं तोंड दिसतं. तिथे माझे तीन ठिपके होते, त्रिकोणात.

मालकाला विचारलं. मग म्हणाला, रिपेअर करून घेतलाय, नव्यासारखाच आहे. कसा रिपेअर, ते त्याला सांगता येईना. मला सांगायची गरज नव्हती. झिजलेल्या जागी वेल्डिंगने लोखंड भरतात आणि लेथवर घासून गुळगुळीत करतात. वरून आरशासारखं दिसतं. आत वेल्डिंगच्या उष्णतेने दांड्याचं पाणी गेलेलं असतं. मिक्सरचा दांडा असा भरा, पंख्याचा भरा. वजन उचलणारा हाफशाफ्ट भरायचा नाही, हे ह्या धंद्यात शेंबड्या पोराला माहीत आहे. ज्याने भरला त्यालाही माहीत होतं. त्याने भरून दिला, कारण गिऱ्हाइकाला लग्न गाठायचं होतं.

मी पाना मागितला. घरात आम्ही मालवणीच बोलतो, भांडतो पण त्याच भाषेत. दिनू म्हणाला, "वयनी, नारळ वाढवून झालो. आता पानो नाय लावूचो."

"नारळ गेलो खड्ड्यात. माका शाफ्ट बघूचो आसा."

"दादान घातलेली रीत ती. तुका मोडूची आसा?"

मी म्हटलं, तुझा दादा असता तर त्याने आधी तुझं डोकं फोडलं असतं, मग नारळ. तो ऐकेना. चांगला मेकॅनिक. हाताला डोळे असल्यासारखा. पण देवाच्या नावाने एकदा नारळ फुटला की गाडी देवाची, ह्याबद्दल त्याला काडीइतका संशय नव्हता. म्हणाला, हळू नेऊ, शिवडीपर्यंत जाऊ, वळवून आणू. आल्यावर तूच काढ. मालक मघापासून उभा होता, घड्याळ बघत. मी म्हटलं, मग मी मागे बसते. डाव्या चाकावर. दांडा बोलल्याशिवाय तुटत नाही, बोलला की मी थांब म्हणेन, तू थांबायचं.

कोणी म्हणेल, कळलं होतं तर गाडीपुढे आडवी का पडली नाहीस. मी बसले नसते तरी गाडी गेली असती. आणि ती फेरी झाली नसती तर चार दिवसांनी त्या जागेवर शालू नेसलेली पोरगी बसली असती. शेवटपर्यंत हळू नेली असती तर तो शाफ्ट भोईवाड्यात परत आला असता, हे मी आजही म्हणते. दिनू हळूच नेत होता. सायकलवाले पुढे जात होते.

पण मालक पुढच्या सीटवर बसला होता. दिनू त्याला म्हणाला होता, शेठ, पहिल्या फेरीला नाही बसायचं. तो म्हणाला, माझ्याच गाडीत मला नाही? आणि दार उघडून बसला. दिनूने गाडी चालू केली. पाना लावायचा नाही हे त्याने माझ्याकडून पाळून घेतलं. मालकाने बसायचं नाही, हे मालकाकडून घेता आलं नाही. मला ह्याचा राग दिनूवर येतो. अजून येतो.

गोदामांचा रस्ता सरळ आणि मोकळा. मालकाने मोबाईल काढून समोर धरला. म्हणाला, "काका, दाबा ना जरा. आवाज येऊ दे."

दिनू म्हणाला, नको, आधी गरम होऊ दे. मालक म्हणाला, झाली की गरम, फक्त एकदा. दिनू आरशातून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, दाबू नको. मालक हसत म्हणाला, मावशी, यू आर टू मच. आणि उजवा पाय लांबवून त्याने दिनूच्या पायावर ठेवला आणि खाली दाबला.

गाडी मागे बसून उसळली. मला टक असा एकच आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. मी थांब म्हटलं. पुढचं तुम्हाला सांगून झालं आहे.

ट्रेलरचा मागचा भाग मोटारीच्या काचेच्या उंचीवर असतो. गाडीचा उजवा कोपरा त्याच्याखाली शिरला. दिनूची बाजू. टपरीवरचे हमाल धावत आले, त्यांनीच आम्हाला काढलं. माझं मनगट मोडलं होतं. मालकाच्या गळ्याखालचं हाड.

चाक पुढे एका भिंतीशी जाऊन पडलं होतं. त्यात शाफ्टचा तुकडा होता. तुटलेलं तोंड मी पाहिलं, हाताला फडका गुंडाळलेला असताना. कडेला भरणीचं कडं, साखरेच्या दाण्यासारखं खरखरीत. आत जुन्या पोलादाचा करडा रंग. दोघांचं एकमेकांशी काही जमलेलं नव्हतं. पोलिसांना मी ते दाखवलं. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं की चाक निखळलं. निखळलं म्हणजे नट सैल होते. नट आवळणारे आम्ही.

मालकाने जबाबात सांगितलं की गाडी आमच्या गॅरेजमधून निघाली होती आणि नारळसुद्धा आम्हीच वाढवला. दोन्ही खरं. पायाबद्दल सांगितलं नाही. मोबाईलमध्ये काय आलं होतं ते मी विचारलं, तर मोबाईल फुटला म्हणे. ज्याने शाफ्ट भरला तो म्हणाला, आम्ही फक्त रंग दिला. मी सांगितलं ते सगळं पोलिसांनी ऐकलं आणि माझं वय विचारलं.

संध्याकाळी मालकाचा ड्रायव्हर गॅरेजमध्ये आला. मला वाटलं दिनूचं विचारायला आला. खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, मावशी, रागावू नका, मला पाठवलंय. डाव्या चाकाची कॅप कोणाला सापडली का?

मी त्याला रागावले नाही. तो नोकर माणूस. दार लावून घेतलं.

गॅरेज चालू आहे. नारळ अजून वाढवतो, मीच वाढवते, पण गाडी पहिली फेरी मारून आली आणि मी खाली वाकून दोन्ही चाकं बघितली की मग. मालकाला आता पहिल्या फेरीला बसवते. त्याने घातलंय ते, आधी त्याने बसावं. आठ सिलिंडर घालून कोणी आलं की जुना ॲक्सल बदलल्याशिवाय गाडी आत घेत नाही. काही परत जातात. दुसऱ्या गल्लीत त्यांचं काम होतं, हे मला माहीत आहे.

बहिणीचं लग्न पुढे ढकललं नाही. वेगळी गाडी केली.

त्या सकाळी गाडीत आम्ही तिघं होतो. मालक वाचला. मी वाचले.